वद्यातली पानं

नाना, गुरुजींनी तुझी तिथी त्यांच्या वहीत लिहून घेतली: अगहन कृष्ण षष्ठी. मी शेजारीच बसले होते. म्हटलं, आमच्याकडे हिला कार्तिक वद्य षष्ठी म्हणतात. मान वर न करता ते म्हणाले, "एक ही बात है, बहनजी." एकच आहे, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं. याच एका गोष्टीपायी मी तुझं काय करून ठेवलं ते त्यांना माहीत नाही. तुलाही मी कधी सांगितलं नाही. तेरावा होऊन चार दिवस झाले, घरातली माणसं पांगली, तेव्हा आता सांगून टाकते.

आपल्या स्वयंपाकघरात दोन कॅलेंडरं असायची, आठवतं? एक अण्णा पुण्याहून पोस्टाने मागवायचे ते पंचांग, आणि दुसरं इथल्या, झाशीच्या सीपरी बाज़ारातल्या किराणावाल्याने दिलेलं, त्यावर दरवर्षी हनुमानजी. आपला महिना अमावास्येला संपतो, इकडच्या लोकांचा पौर्णिमेला. शुद्ध पंधरवडा दोन्हीकडे एकाच महिन्याचा. वद्य पंधरवडा मात्र आपल्या लेखी सरत्या महिन्यात आणि इकडच्या लेखी पुढच्या महिन्यात. आईला याचा फार जाच व्हायचा, शेजारच्या चाचीला कुठलाही सण सांगताना ती दरवेळी अडखळायची. तू सात वर्षांचा असताना अण्णांना विचारलंस, यातलं बरोबर कोणतं? अण्णा दिवसा कचेरीत कारकून आणि संध्याकाळी गणपतीच्या देवळात पुजारी, त्यांना दोन्हीकडे जमवून घ्यायची सवय होती. ते म्हणाले, दोन्ही. मग तू तीन दिवस खेळायला आला नाहीस. मला राग आला होता, कारण लंगडीला माझ्याबरोबर दुसरं कोणी नव्हतं.

पाढ्यांचंही तसंच. घरी अण्णा साडेतीनचा पाढा औटकी म्हणून घोकून घ्यायचे, आणि शाळेत मास्टरजी तोच पाढा हूँठा म्हणून शिकवायचे. तू एकदा ओट्यावर बसून दोन्ही आळीपाळीने म्हटलेस आणि मला हलवून हलवून सांगितलंस, "छोटी, नाव काही असो, साडेतीन दुणे सात तेच येतात." मी म्हटलं, मग काय आठ येणार होते? तुझा चेहरा पडला. इतक्या साध्या गोष्टीचं कुणाला नवल वाटू शकतं, हेच मला तेव्हा पटत नव्हतं. पुढे मी पस्तीस वर्षं शाळेत हिंदी शिकवलं. त्या अवधीत हजारो मुलं पाहिली, तुझ्यासारखं दुसरं एकही दिसलं नाही. तेव्हा कळलं की मूर्ख मी होते.

मग ती सात घरांची यादी. गणपतीचा उत्सव सात दिवसांचा, आणि आपल्या गल्लीत मराठी घरं उरली होती सात. रोज तीन घरांनी मिळून देवळातला स्वयंपाक करायचा असा रिवाज. दांडेकरकाकू आणि सप्रेकाकू यांच्यात विस्तवही जात नसे. दोघींना एका चुलीपाशी उभं करायचं कसं, यावर दरवर्षी महिनाभर आधीपासून खल चालायचा. तू अकरा वर्षांचा. कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे यादी करून आणलीस. प्रत्येक घराकडे तीन दिवस. कुठलीही दोन घरं घ्या, ती बरोबर एकदा एकत्र येणार, दोनदा नाही आणि अजिबात नाही असंही नाही. दांडेकरकाकू म्हणाल्या, एक दिवस काय, एक दिवस सोसेन मी. यादी देवळाच्या खांबावर चिकटवली गेली आणि कितीतरी वर्षं तशीच राहिली. अण्णांनी विचारलं, ही कुठून उतरवलीस? तू म्हणालास, बसवली. अण्णा म्हणाले, घरं सातांची तेरा झाली आणि रोज चार घरं लागली तर? तू अर्धं सांगितलंस आणि मग ते तुझं वाक्य, जे मी पुढे जन्मभर ऐकलं: "पुढचं सोपं आहे."

ते कधीच सोपं नसायचं, नाना. तू अर्ध्यावर हात झटकून उठायचास, आणि मी रात्र रात्र त्या "पुढच्या"शी झगडून रडकुंडीला यायचे. तुला वाटायचं, तुला दिसतं ते सगळ्यांनाच दिसतं. ही तुझी खोड होती आणि मी ती तुला दहा वेळा तोंडावर सांगितली आहे, त्यामुळे आता सांगायला संकोच नाही.

कॉलेजचं पहिलं वर्ष चालू होतं, अण्णा गेले, आणि तू रेल्वेत लागलास. त्यापुढे तुला कोणी काही शिकवलं नाही. सीपरीतल्या रद्दीवाल्याकडून बीजगणिताचं एक पुस्तक आणलंस, त्याची शेवटची उत्तरांची पानं फाटलेली होती. उत्तरं नव्हती म्हणूनच घेतलं, असं तू लोकांना ऐटीत सांगायचास. खरं म्हणजे त्याच्याकडे गणिताचं तेवढं एकच पुस्तक होतं. तुझ्याबरोबर ऑफिसात काम केलेले रामसेवकजी तेराव्याला आले होते, काठी टेकत. तू ड्रायव्हर आणि गार्ड लोकांच्या ड्यूट्या लावायचास, त्याबद्दल बोलत होते. म्हणाले, तुझ्या हातचा तक्ता लागला की कोणाची तक्रार येत नसे. आणि मग म्हणाले, "बाबूजी ग़लती पकड़ते थे तो काग़ज़ ठीक कर देते थे. किसकी थी, ये नहीं बताते थे." मी चहा द्यायच्या निमित्ताने आत निघून गेले.

आता मूळ गोष्ट.

तुझी दोन वर्षं मऊरानीपुरला बदली झाली. स्टेशन, धान्याच्या वॅगनी, आणि मराठी बोलायला एकही माणूस नाही. दिवसभर हिंदी आणि बुंदेली, आणि संध्याकाळी खोलीवर आलास की जुन्या फॉर्मांच्या पाठीमागे मराठीत लिहीत बसायचास. शनिवारी पॅसेंजरने झाशीला आलास की सांगायचास, मराठी विसरू नये म्हणून लिहितो. तोवर सात घरांचं फार पुढे गेलं होतं. एका दिवसाच्या घरांना तू पंगत म्हणायचास, दोन घरांच्या जोडीला शेजार. घरं किती असली तर पंगती बसतात, किती असली तर काही केल्या बसत नाहीत, आणि का बसत नाहीत, असं ते होतं. पानांवर आकडे नव्हते. अण्णांसारखी नुसती तिथी टाकायचास, माघ शुद्ध सप्तमी, माघ वद्य तृतीया, फाल्गुन शुद्ध अमुक.

हे कोणा जाणत्याला दाखवायला हवं, हा हट्ट माझा. तू नको म्हणत होतास. मी बाहेरगावच्या एका प्रोफेसरांचा पत्ता मिळवला, ते मराठी आहेत असं कळलं होतं. तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, तेव्हा सुवाच्य प्रत मी करायची ठरली. शाळेच्या स्टाफरूममध्ये, रिकाम्या तासांना, तीन महिने मी ती केली. आणि मला आगाऊपणा सुचला. प्रोफेसर माणूस, तिथ्या बघून हसेल, हा कोण भटजी म्हणेल. म्हणून मी तिथ्या काढल्या आणि इंग्रजी तारखा घातल्या, आणि त्या तारखांच्या क्रमाने पानं लावून वर एक, दोन, तीन आकडे घातले. तारखा शोधायला समोर भिंतीवर एकाच खिळ्याला गेल्या चार वर्षांची कॅलेंडरं टांगलेली होती. शाळेतली. म्हणजे इकडची.

तुला तर हे कळलंच आहे. माघ वद्य म्हणून मी जे शोधलं ते त्यांचं माघ कृष्ण, आपल्या माघ वद्याच्या महिनाभर आधीचं. शुद्धातली पानं जागेवर राहिली. वद्यातलं प्रत्येक पान उडी मारून आपल्याच महिन्याच्या शुद्धाच्या आधी जाऊन बसलं. ज्या घरात लहानपणापासून दोन कॅलेंडरं बघितली, त्या घरातल्या मुलीने हे करावं. दुसऱ्या कुणाला ही चूक करताच आली नसती, आपल्यासारख्या अध्ये-मध्ये राहणाऱ्या माणसालाच जमायची.

प्रोफेसरांचं उत्तर दोन महिन्यांनी आलं, पानांसकट. पत्र सभ्य होतं. तिसऱ्या पानावर जे गृहीत धरलं आहे ते नवव्या पानावर सिद्ध केलं आहे, निष्कर्ष आधी आणि कारण नंतर, असं सगळीकडे आहे. शिवाय पंगत, शेजार या शब्दांचा अर्थ नीट लागत नाही. लेखकाने प्रचलित परिभाषा शिकावी. तू पत्र दोनदा वाचलंस आणि पानं न उघडता सुतळी बांधून ट्रंकेत टाकलीस. सगळं तुझ्या डोक्यात होतं, त्यात उलटसुलट काही नाही हे तुला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे दोष भाषेचा, असं तू ठरवलंस. आणि मी तोंड वर करून म्हणाले, सांगत होते ना मी, पंगत-बिंगत असलं त्यांना काय कळणार?

तू एवढंच म्हणालास, "छोटी, सात घरांना कळलं होतं."

त्यावर आपण किती वर्षं भांडलो. मी म्हणायचे, जगाशी बोलायचं तर जगाच्या भाषेत बोल. तू म्हणायचास, हिंदीत मी नोकरी करतो, मराठीत विचार करतो, आता गणित करायला तिसरं घर कुठून आणू? तरी तू प्रयत्न केलास. चाळिशीत डिक्शनरी घेऊन बसलास. पंगतीला ब्लॉक म्हणायला लागलास. आणि तुझं लिहिणं आटलं. वर्षाला दोन पानं, मग एक, मग मुलांच्या शिकवण्या आणि शब्दकोडी. मऊरानीपुरची मूळ पानं त्याच सुमारास वाळवीने खाल्ली. राहिली ती फक्त माझी प्रत, ट्रंकेत, सुतळीत बांधलेली.

पत्र आल्यावर दीडेक वर्षाने अण्णांच्या श्राद्धाची तिथी काढताना माझ्या सासूबाई म्हणाल्या, हे कॅलेंडर नको बघू, यात वद्य पुढच्या महिन्यात टाकतात. मी हातातलं भांडं खाली ठेवलं. सगळं एका क्षणात कळलं. त्याच दिवशी सीपरीहून प्रेम नगरला रिक्षा करून तुझ्याकडे आले, सांगायचं म्हणून. तू दारात बसून इंग्रजी शब्द पाठ करत होतास. मला बघून म्हणालास, "बरं झालं तू खरं बोललीस. नाहीतर मी अजून पंगतीच वाढत बसलो असतो." आणि हसलास. मला नाही सांगता आलं, नाना. मग उद्या सांगू, दिवाळीनंतर सांगू, माझ्या मकरंदची परीक्षा होऊ दे मग सांगू. मी भित्री आहे. तुझ्या डोळ्यांत मी हुशार बहीण होते, तेवढं एक मला सोडवलं नाही. तू तुझी भाषा टाकलीस आणि मी ते बघत बसले.

आता हे आज का. मकरंदने, तुझ्या भाच्याने, तुझ्या वह्यांबद्दल इथल्या एका कॉलेजात गणित शिकवणाऱ्या गृहस्थांना सांगितलंय. ते उद्या येणार, सगळे कागद नेऊन त्यांचे फोटो काढून ठेवणार. त्यांना मराठी येत नाही. मकरंद म्हणाला, "मम्मी, आप पढ़ देना, मैं समझ तो लेता हूँ पर बोल नहीं पाऊँगा." मी बरं म्हटलं. आणि आज सकाळी, तो ऑफिसला गेल्यावर, तुझ्या घराची किल्ली घेऊन एकटीच आले. तुझ्यापासून काय लपवायचं? ती सुतळीतली पानं त्यांच्या हाती पडण्याआधी काढून घ्यायला आले. माझं अक्षर, माझ्या तारखा, माझे आकडे. जाणता माणूस तासाभरात विचारेल, हे असं कोणी लावलं? त्या पानांबरोबर तुझी दोन वर्षंही जातील, हे मला दिसत होतं. तरी आले.

ट्रंक उघडली. पुडकं वरच होतं. पण सुतळी वेगळी होती, निळी, अलीकडची. आणि पानांच्या वर शाळेत मुलं वापरतात तसली एक पातळ वही. आत तुझं अक्षर, मराठी, कितीतरी वर्षांनी. ब्लॉक नाही. वर तिथी आणि शक घातलेला, त्यावरून हिशेब केला. अकरा वर्षांपूर्वीची.

पहिली ओळ: "समजा, एका बहिणीजवळ भावाची पानं आहेत. काही शुद्धातली, काही वद्यातली. बहीण ती शाळेतल्या कॅलेंडराने लावते."

मी तिथेच जमिनीवर बसून पुढचं वाचलं.

चार पानं आहेत. तू आमच्या स्टाफरूमचं कॅलेंडरसुद्धा ओळखलंस. कुठलं पान कुठे गेलं त्याचे बाण काढलेस, आपल्या आणि इकडच्या महिन्यांच्या दोन पंगती समोरासमोर आखल्यास आणि सावकाश, मला समजेल असं, पायरी न गाळता लिहिलंस. असं तू आयुष्यात कधी लिहिलं नव्हतंस. शेवटी: "म्हणजे दर महिन्यात शुद्धाचा आणि वद्याचा गठ्ठा एकमेकांची जागा घेतात, एवढंच होतं. तेव्हा बहिणीने हीच चूक अजून एकदा केली की सगळी पानं आपापल्या जागी येतात. पुढचं सोपं आहे."

पहिल्यांदा मला तुझा संताप आला, खोटं कशाला सांगू. अकरा वर्षं, नाना. अकरा वर्षं दर रविवारी माझ्याकडे जेवायला आलास, माझ्या हातची कढी दोनदा मागून घेतलीस, मकरंदच्या मुलीला औटकी शिकवलीस, आणि या विषयावर चकार शब्द काढला नाहीस. मी आतल्या आत कुढत होते आणि तू समोर बसून पापड मोडत होतास. एकदा ओरडला असतास तर मी मोकळी झाले असते. मग मला रामसेवकजींचं वाक्य आठवलं आणि मी थोडा वेळ रडले. फार नाही. तुला रडणं आवडायचं नाही, आणि घरात पाणीही भरलेलं नव्हतं तोंड धुवायला.

उद्या त्या गृहस्थांना मी सांगणार आहे की पानांचा क्रम माझ्यामुळे चुकला होता, आणि मकरंदसमोर सांगणार आहे. त्यांनी पंगतीचा अर्थ विचारला तर त्यांच्याच घरच्या लग्नातल्या पंगतीची आठवण करून देईन, हा शब्द इकडेही तोच आहे, इतकी वर्षं माझ्या डोक्यातच आलं नाही. यातलं जुनं काय, नवं काय, ते त्यांनी ठरवावं. त्यात माझं तोंड चालणार नाही.

पण आधी ते काम. पुढच्या खोलीत सतरंजी घातली, पानं मांडली. दर महिन्याचा वद्याचा गठ्ठा उचलला आणि शुद्धाचा त्याच्या आधी सरकवला, माघ, फाल्गुन, चैत्र, असं करत. माझ्या तारखांवर काट मारून तिथ्या घातल्या. तिसरं पान नवव्याच्या मागे गेलं, बाकीचीही आपापल्या जागी बसली. पहिल्यापासून वाचत गेले, आधी कारण, मग निष्कर्ष, कुठे अडलं नाही. पाऊण तास लागला. नाना, जन्मात पहिल्यांदा तुझं पुढचं खरंच सोपं निघालं.